नव्या फुटबॉल प्रशिक्षकाने महाविद्यालयाचा संघ कसा जमवावा

सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांत फुटबॉलचा प्रशिक्षक बदलतो तो बहुधा जून महिन्यात. त्या दिवशी त्याच्या हाती जिमखान्याच्या कपाटाची किल्ली येते, गेल्या वर्षीच्या जर्सींचे एक गाठोडे येते आणि ‘यंदा तरी इंटरझोनलला (विभागीय सामन्यांच्या पुढच्या, विद्यापीठाच्या फेरीला) जायचेच’ हे प्राचार्यांचे वाक्य कानी येते. खेळाडू मात्र येत नाहीत; ते मिळवावे लागतात, आणि ते कसे मिळवायचे हे शारीरिक शिक्षणाच्या पदवीत कोणी शिकवलेले नसते. डावपेच, सराव, तंदुरुस्ती या विषयांवर पुष्कळ लिहिलेले सापडते, म्हणून ते सर्व बाजूला ठेवून, नव्या माणसाने पहिल्या वर्षी मुले कोठून आणि कशी आणावीत एवढ्याच प्रश्नाविषयी येथे लिहिले आहे. मी स्वतः हे काम सांगलीत बरीच वर्षे केले असून, सुरुवातीच्या दोन वर्षांत ते वाईट रीतीने केले, हेही आधीच सांगितलेले बरे.

नव्या प्रशिक्षकाची खरी अडचण गुणी मुलांचा तुटवडा ही नसते. मिरजेच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर संध्याकाळी उभे राहिले तर चेंडू पायात ठेवू शकणारी मुले सहज दिसतात. अडचण ही असते की त्या मुलांना, त्यांच्या घरच्यांना आणि शाळेतल्या त्यांच्या सरांना तुमच्याविषयी काहीही माहीत नसते. जुन्या प्रशिक्षकाजवळ ‘अमक्याला मी विद्यापीठाच्या संघापर्यंत नेले’ असे सांगण्यासारखे एक नाव तरी असते. तुमच्याजवळ तेही नसते. त्यामुळे पहिल्या वर्षीची प्रत्येक कृती या एका कसोटीवर घासून पाहावी, की तिने तुमच्या शब्दाची किंमत वाढते की कमी होते.

वेळेचे गणित

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ सालची, आणि कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. महाविद्यालयाचा संघ आधी आपल्या विभागात, म्हणजे झोनलमध्ये खेळतो, तेथून इंटरझोनलला जातो, आणि या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जाऊन तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. फुटबॉलच्या झोनल स्पर्धा बहुधा पहिल्या सत्रातच उरकतात. बारावीचा निकाल मे महिन्यात, पदवीचे प्रवेश जून-जुलैत, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सामना, असा हा मामला असल्यामुळे जूनमध्ये रुजू झालेला प्रशिक्षक रुजू होतो त्या दिवशीच एक वर्ष उशिरा आलेला असतो. अकरावी-बारावीची मुले विद्यापीठाच्या नव्हे, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांत खेळतात, आणि त्या स्पर्धा आदल्या पावसाळ्यात होऊन गेलेल्या असतात. ज्या मुलाचे नाव तुम्ही जुलैत प्रथम ऐकता, त्याला दुसऱ्या कोणीतरी मागच्या सप्टेंबरात पाहिलेले असते, त्याच्या घरी जाऊन चहा घेतलेला असतो आणि प्रवेशाचा अर्जही भरून दिलेला असतो.

हे कळल्यावर पहिल्या वर्षी बाहेरच्या नामांकित मुलांच्या मागे धावण्यात अर्थ नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही बहुतेक नवे प्रशिक्षक नेमके तेच करतात, कारण प्राचार्यांना नाव सांगता येईल असा एखादा खेळाडू लवकर दाखवायचा असतो.

आधी आपल्याच महाविद्यालयातील मुले

रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या संघाची यादी घेऊन बसावे आणि प्रत्येक नावापुढे तो मुलगा कोणत्या वर्षात आहे, निकाल काय लागला, एटीकेटी आहे की वर्ष गेले, आणि यंदाची फी भरली की नाही, एवढे लिहावे. पदवीचा मुलगा साधारण तीन वर्षे आपल्याजवळ राहतो, म्हणजे काहीही बिघडले नाही तरी दर वर्षी संघाचा तिसरा हिस्सा जातोच. ही यादी केल्यावर बहुधा असे दिसते की ज्या दोन मुलांच्या जिवावर संघ चालत होता त्यांतला एक पुण्याला नोकरीला लागला आहे आणि दुसरा मैदानावर यायलाच तयार नाही, कारण त्याला जुने सर हवे होते.

या दुसऱ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे. अमेरिकेत ज्याला कॉलेज फुटबॉल म्हणतात तो लांबट चेंडूचा, हातात चेंडू घेऊन धावण्याचा वेगळाच खेळ आहे, आणि तेथे मुख्य प्रशिक्षकाचा पगार कित्येकदा विद्यापीठाच्या अध्यक्षांपेक्षा अधिक असतो. तेव्हा त्यांची आणि आपली तुलना तशी होऊ शकत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे २०१८ पासून खेळाडूंना दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची इच्छा नोंदवण्यासाठी ट्रान्सफर पोर्टल नावाची व्यवस्था सुरू झाली, आणि २०२१ पासून स्वतःच्या नावाच्या व छायाचित्राच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभाही त्यांना मिळाली. परिणामी प्रशिक्षक बदलला की चांगले खेळाडू लगेच दुसरीकडे पाहू लागतात, आणि नव्या मुख्य प्रशिक्षकाला बाहेरच्या शाळांत फिरण्याआधी स्वतःच्याच संघातील मुलांना थांबण्यासाठी राजी करावे लागते. आपल्याकडे असे पोर्टल नाही. आपल्याकडचा मुलगा नुसता सरावाला येत नाही आणि संध्याकाळी मंडळाच्या संघातून खेळतो. पण गेला तो गेलाच.

जुन्या मुलांना एकत्र बोलावून भाषण करू नये. एकेकट्याला भेटावे, शक्यतो मैदानावर नव्हे तर कँटीनच्या बाकावर, आणि त्याला बोलू द्यावे. गेल्या वर्षी काय खटकले, कोणत्या जागेवर खेळायला आवडते आणि घरी जायची शेवटची बस किती वाजता आहे, हे विचारले की पुष्कळ कळते. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण माझ्या अनुभवात सरावाला गळती लागण्याचे सर्वांत मोठे कारण एसटीचे वेळापत्रक हेच असते. त्याचप्रमाणे आधीच्या प्रशिक्षकांच्या घरी एकदा जाऊन यावे. ते निवृत्त झाले असतील किंवा रागाने गेले असतील, तरी जावे. त्यांनी मुलांना ‘नवे सर येऊन गेले, बरे आहेत’ एवढे म्हटले तरी निम्मे काम होते.

यादीबाहेरची मुले शोधण्यास कल्पकता लागते. प्रवेश अर्जावर खेळाचा एक रकाना असतो आणि तो कोणी वाचत नाही. कार्यालयातील लिपिकास विनंती करून ते सर्व अर्ज एका दुपारी चाळावेत. वसतिगृहाच्या रेक्टरांना विचारावे. कनिष्ठ महाविद्यालयातून वरच्या वर्गात आलेली मुले पाहावीत, कारण त्यांतली पुष्कळ मुले शाळेत असताना खेळलेली असतात आणि ‘आता कॉमर्सला आलो, खेळ संपला’ असे मानून बसलेली असतात. गोलकीपर तर जवळजवळ नेहमी बनवावाच लागतो, आणि तो व्हॉलीबॉल किंवा खो-खोच्या मुलांत शोधावा. माझा सर्वांत भरवशाचा गोलकीपर हा व्हॉलीबॉल संघातून वगळलेला, कवठेमहांकाळकडचा एक उंच मुलगा होता. त्याला चेंडू पायाने नीट मारता येत नव्हता, पण कोपऱ्यावरून आलेला उंच चेंडू तो गर्दीतून असा काढून घेई की बचावफळीतील मुले मागे वळून पाहीनाशी झाली.

कागदपत्रे: मैदानाच्या आधी

कोणत्याही मुलाचा खेळ पाहण्याआधी त्याचे कागद पाहावेत, असे मी सांगतो तेव्हा तरुण सहकारी हसतात. पण आमच्या भागात मैदानावर हरलेल्या संघांइतकेच टेबलावर हरलेले संघ मी पाहिले आहेत. पात्रता अर्जाबरोबर दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, मागील वर्षाचा निकाल, चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्र आणि छायाचित्रे ही कागदपत्रे प्रत्येक मुलाची एका स्वतंत्र फाइलमध्ये जुलैअखेर तयार असावीत. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या संस्थेची वयाची अट साधारणपणे १७ ते २५ वर्षे अशी राहिली आहे, आणि शिक्षणात खंड पडलेल्या, अभ्यासक्रम बदललेल्या किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलांच्या बाबतीत वेगळे नियम लागतात. त्यामुळे त्या वर्षीचे परिपत्रक स्वतः वाचावे आणि शंका असेल तेथे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. तोंडी उत्तर घेऊन आलेला प्रशिक्षक तक्रार झाली की एकटा पडतो.

सातारा जिल्ह्यातून मुले आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातील काही महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे. त्यामुळे तेथे एक वर्ष शिकून सांगलीत येणारा मुलगा हा कागदोपत्री दुसऱ्या विद्यापीठातून आलेला ठरतो, जरी तो आपल्या दृष्टीने शेजारच्या जिल्ह्यातलाच असला तरी.

मुलगा पाहावा कसा

निवड चाचणी म्हणजे सिलेक्शन ट्रायल ही पावसात घ्यावी लागते, हे आपल्याकडचे वास्तव आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. तसे वर्ष आले तर फुटबॉलचे नावही कोणी काढत नाही. पण साध्या वर्षीसुद्धा जुलैअखेरीस मैदानाचा एक भाग तळ्यासारखा असतो. पुलाजवळची इशारा पातळी ४० फुटांची आहे, आणि पाणी तिच्याकडे सरकू लागले की नदीकाठच्या गावांतली मुले घरातले सामान हलवण्यात गुंतलेली असतात, म्हणून त्या आठवड्यात ठेवलेल्या चाचणीस न आलेल्या मुलाला बाद समजू नये. दुसरी तारीख आधीच जाहीर करून ठेवावी.

ओल्या मैदानाचा एक फायदाही आहे. कोरड्या मैदानावर चेंडू नाचवणारा मुलगा चिखलात उघडा पडतो. मी चाचणीत पहिली वीस मिनिटे चेंडूकडे पाहतच नाही. चेंडू हरवल्यावर मुलगा काय करतो ते पाहतो. कमरेवर हात ठेवून उभा राहणारा, सोबत्याकडे बघून हातवारे करणारा आणि लगेच वळून मागे धावणारा, असे प्रकार पाच मिनिटांत वेगळे दिसतात. त्यानंतर बुटांकडे पाहावे. एकाच बुटाचे स्टड झिजलेले असतील तर मुलगा कोणत्या पायावर वळतो ते कळते. आणि दोन वेगवेगळ्या जोडांतले दोन बूट घालून आलेला मुलगा दिसला तर त्याला बाजूला घेऊन, कोणाच्या देखत नव्हे, त्याच्या बुटाचा नंबर विचारून घ्यावा. असा मुलगा सहसा नियमित येतो.

एका चाचणीवर निर्णय करू नये. चाचणीत घाबरणारी मुले फार असतात, विशेषतः जत-आटपाडीकडची, ज्यांनी गवताचे मैदान क्वचितच पाहिलेले असते. शक्य असेल तर मुलाला त्याच्या स्वतःच्या गल्लीतल्या संघातून खेळताना एकदा पाहावे.

घरी जाणे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून तोच सर्वाधिक टाळला जातो. पदवीला येणारा मुलगा १८ वर्षांचा असला तरी तो कोठे शिकणार हे आपल्याकडे घर ठरवते, आणि घराला फुटबॉलशी काहीही देणेघेणे नसते. मुलाला फोन करून, ‘ये की रे आमच्याकडे’ असे सांगणारे प्रशिक्षक पुष्कळ असतात. उंबरठा ओलांडून जाणारे थोडे असतात, म्हणूनच नव्या माणसाला तेथे जागा आहे.

तासगाव तालुक्यातील एका घरी मी असा गेलो होतो. मुलगा उत्तम डावखुरा होता. वडील, म्हणजे आण्णा, द्राक्षबागायतदार, अंगणात ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर उभा होता आणि त्याच्या टाकीवर औषधाचे निळसर ओघळ वाळले होते. मी खेळाविषयी, विद्यापीठाविषयी दहा मिनिटे बोललो. आण्णांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, ‘‘सर, पोरगं खेळंल ओ, त्याला कोण नको म्हणतंय? पण ऑक्टोबरात छाटणी झाली, वर पाऊस पडला, की दावण्या रोग येतो. मग रोज फवारणी. ब्लोअर ह्योच चालवतोय. तुमची मॅच आणि माझी बाग एका दिवशी आली तर काय करायचं सांगा.’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी स्पर्धेची संभाव्य तारीख सांगितली आणि छाटणी किती दिवस मागेपुढे होऊ शकते ते विचारले. मग आम्ही दोघांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून जमिनीवर ठेवले. आण्णांनी बागेच्या दोन तुकड्यांपैकी एक आठ दिवस आधी छाटायचे कबूल केले, आणि मी सरावाचे आठवड्यातले दोन दिवस त्या मुलाला सूट देण्याचे. मुलाच्या आईने जाताना एकच विचारले, ‘‘लागलं-बिगलं तर दवाखान्याचं कोण बघतंय?’’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. त्याचे उत्तर, म्हणजे महाविद्यालय विद्यार्थी अपघात विमा उतरवते का, रक्कम किती, दाव्याचा अर्ज कोणाकडे असतो, हे पाठ करूनच घरी जावे. ‘बघू की, काय होत नाही’ असे म्हणणाऱ्या सरांवर कोणतीही आई विश्वास ठेवत नाही, आणि तिने ठेवूही नये.

म्हणून जाण्याआधी त्या घराचे वर्ष कसे चालते ते समजून घ्यावे. द्राक्षाच्या पट्ट्यात फळछाटणी ते काढणी, उसाच्या पट्ट्यात कारखाने सुरू झाल्यापासून तोडीची धावपळ, मिरजेत रेल्वेत किंवा दवाखान्यांत पाळीने काम करणारे पालक, हे सगळे लक्षात घेऊन भेटीची वेळ ठरवावी. रिकाम्या हाताने गेलेले चालते. महाविद्यालयाची रंगीत पुस्तिका नेली नाही तरी चालते. फी किती, शिष्यवृत्ती कोणती लागू होते, वसतिगृहाचा दर काय, एसटीच्या विद्यार्थी पासाचा खर्च किती, हे एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून न्यावे आणि तो कागद तेथे ठेवून यावा. आपण निघाल्यावर मुलाचे मामा किंवा गावातले शिक्षक तो वाचतात आणि खरा निर्णय तेव्हा होतो.

कोणता शब्द द्यावा, कोणता देऊ नये

माझ्या पहिल्याच वर्षी, मी तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो तेथे, एका मिडफिल्डरला मी वसतिगृहात मोफत जागा देतो असे सांगून बसलो. तसे मला वरून कोणीतरी बोलता बोलता ‘करू या’ म्हटले होते. ऑगस्टमध्ये समितीपुढे विषय गेला, समितीने नियमावर बोट ठेवले, आणि त्या मुलाला पंधरा दिवस मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपावे लागले. सोळाव्या दिवशी तो दाखला काढून गेला. तो गेला याचे मला जेवढे वाईट वाटले, त्याहून अधिक नुकसान पुढे झाले, कारण त्याच्या शाळेतून मला चार वर्षे एकही मुलगा मिळाला नाही.

तेव्हापासून मी असे ठरवले की जे माझ्या सहीने होते तेवढेच सांगायचे. सकाळी सहाला मैदानावर मी असेन; बूट नसतील तर जिमखान्यातून मिळवून देईन; तासिका बुडाल्या तर संबंधित प्राध्यापकांना मी स्वतः भेटेन; परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सराव ठेवणार नाही. हे सगळे माझ्या हातात आहे. फीमाफी, वसतिगृह, खानावळ या गोष्टी प्राचार्यांच्या व संस्थेच्या हातातल्या असल्याने, त्या देता येणार असतील तर मे महिन्यातच लेखी मंजुरी घ्यावी आणि किती मुलांसाठी मंजुरी आहे तो आकडा पक्का करावा. दुसरे महाविद्यालय रोख रक्कम देत आहे असे मुलगा सांगू लागला तर त्याच्याशी घासाघीस करू नये; त्या खेळात आपण हरणारच, आणि जिंकलो तरी पुढच्या वर्षी पुन्हा तीच घासाघीस होते.

नोकरीचे आमिष तर अजिबात दाखवू नये. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे खरे आहे, पण त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धांतील ठरावीक कामगिरी लागते, आणि नुसत्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत खेळल्याने ते मिळत नाही. हे पालकांना तितक्याच स्पष्टपणे सांगावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या पदवीच्या रचनेत शारीरिक शिक्षण व क्रीडा यांना सहअभ्यासक्रमात श्रेयांक मिळू शकतात. ते आपल्या महाविद्यालयात कसे लागू केले आहेत ते परीक्षा विभागाकडून समजून घेऊन सांगितले तर पालक अधिक ऐकतात.

कोल्हापूरचे आकर्षण आणि कोल्हापूरची मुले

मिरजेहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि फुटबॉलच्या बाबतीत ते अंतर कधी फार वाटते तर कधी फार कमी. तेथे राजर्षी शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे संघ खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हापासून तर आपल्या चांगल्या मुलांना कोल्हापूरच्या महाविद्यालयात जावेसे वाटणे अधिकच स्वाभाविक झाले आहे. त्यांना अडवण्यासाठी कोल्हापूरची निंदा करू नये. मुलाला एवढेच विचारावे की तेथे तुझ्या जागेवर आधीच कितीजण उभे आहेत. जो मुलगा तेथे दोन वर्षे राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसणार आहे, तो आपल्याकडे पहिल्या सामन्यापासून ११ जणांत असेल, हा आपला एकमेव आणि पुरेसा मुद्दा आहे.

उलट कोल्हापुरातून मुले आणायची झाल्यास सावध असावे. त्यांची निष्ठा तालमीशी असते, आणि ती तशीच राहणार हे मान्य करावे. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, लीगचे सामने हिवाळ्यात रंगात येतात, तोपर्यंत आपल्या झोनल स्पर्धा संपलेल्या असतात, त्यामुळे थेट टक्कर फारशी होत नाही. टक्कर होते ती रोख बक्षिसांच्या छोट्या, सात-सात जणांच्या स्पर्धांशी. त्यात गुडघा दुखावून आलेला मुलगा आपल्या सामन्याच्या दिवशी लंगडत येतो. सप्टेंबरपर्यंत अशा स्पर्धा खेळणार नाही, एवढी एकच अट मी घालतो, आणि त्या बदल्यात ऑक्टोबरनंतर त्याच्या तालमीच्या सामन्यांसाठी सरावात सूट देतो.

पाचगणीच्या निवासी शाळांतून आणि साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून चांगली मुले मिळतील असे नव्यांना वाटते. पहिल्या ठिकाणची मुले शाळा संपली की बहुधा मुंबई-पुण्याकडे परततात आणि दुसऱ्या ठिकाणच्या मुलांची नजर एनडीएवर असते. तेथे पेट्रोल जाळू नये.

मुलींचा संघ उभा करायचा असेल तर वर सांगितलेले सगळे लागू होतेच, पण त्यात परतीच्या वेळेचा आणि सोबतीचा प्रश्न मिळवावा. मी मुलींना एकेकटी कधीच विचारत नाही. एकाच गावातल्या किंवा एकाच बसने येणाऱ्या दोघी-तिघींना एकत्र विचारतो, सराव सकाळी ठेवतो, आणि बाहेरगावच्या सामन्यास कोणत्या महिला प्राध्यापक बरोबर असतील त्यांचे नाव पालकांना आधीच कळवतो. फुटबॉल न खेळलेल्या पण कबड्डी किंवा धावण्यातून आलेल्या मुली दोन महिन्यांत चांगल्या तयार होतात.

पुढच्या वर्षाची तयारी यंदाच

पहिल्या वर्षीची झोनल स्पर्धा जिंकली काय किंवा पहिल्याच फेरीत बाहेर गेलो काय, त्याच हंगामात १९ वर्षांखालील जिल्हास्तरीय शालेय सामने चालू असतात, आणि तेथे जाऊन बसणे हे यंदाच्या सामन्यांइतकेच महत्त्वाचे काम आहे. जमल्यास १७ वर्षांखालील सुब्रतो मुखर्जी चषकाच्या जिल्हा फेऱ्याही पाहाव्यात, कारण त्यांतली मुले दोन-तीन वर्षांनी आपल्या दारात येणार असतात. सामना संपल्यावर प्रथम मुलाकडे जाऊ नये. त्याच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे जावे, आपली ओळख सांगावी आणि त्यांच्या परवानगीने मुलाशी बोलावे. क्रीडाशिक्षकाला वळसा घालून गेलेला माणूस त्या शाळेत पुन्हा शिरू शकत नाही. आपल्या महाविद्यालयाचे मैदान सुटीत त्या शाळेच्या सरावाला मिळवून देता आले, किंवा जुने पण सुस्थितीतले चार चेंडू देता आले, तर ते अवश्य करावे.

बसताना एक शंभर पानी वही बरोबर असावी. मोबाइलमध्ये टिपलेली नावे पावसात आणि फोन बदलताना हरवतात, हे मी दोनदा भोगले आहे. प्रत्येक मुलासाठी एक ओळ पुरते: नाव, गाव, शाळा, चालता पाय, जागा, घरचा फोन, घरी शेती आहे की नोकरी, आणि बस कोणत्या मार्गावरची. अकरावीतला मुलगा असेल तर ओळीच्या शेवटी तो बारावी उत्तीर्ण होईल ते साल लिहून त्याभोवती गोल काढावा, आणि त्या सालच्या मे महिन्यात, निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलाला नव्हे तर त्याच्या वडिलांना फोन करावा.